चांदीच्या नावाखाली अक्षरशः पितळ उघडं पडलं

बागेत टांगायला विंड चाइम करायचा होता. जुने चमचे-काटे ठोकून सपाट करायचे, टोकाला छिद्र पाडायचं आणि दोऱ्याने गोल कड्याला लटकवायचे, एवढंच काम. घरात सहा चमचे निघाले, बाकी विकत घ्यावे म्हणून ऑनलाइन शोधत बसलो. तिथेच माती खाल्ली.

जाहिरात अशी होती : ‘शंभर वर्षं जुनी चांदीची कटलरी, विंड चाइमसाठी उत्तम, ४० नग, विक्री वजनावर.’ फोटोत सगळं काळपट पडलेलं, मखमलीवर मांडलेलं. मागच्या ठशाचा फोटो मागितला, तर एका छोट्या चमच्याचा आला. त्यावर स्पष्ट ९२५, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. मी विचारलं, ‘सगळी अशीच का?’ उत्तर आलं, ‘काळी पडलीय बघा ना, चांदीच काळी पडते.’ आता लक्षात येतं, मी विचारलेल्या प्रश्नाला त्याने ‘हो’ म्हटलंच नव्हतं. आणि काळं तर मुलामा दिलेलं भांडंही पडतं, कारण वरचा थर चांदीचाच असतो.

पार्सल आल्यावर लोहचुंबक लावून पाहिला. सुऱ्यांच्या पात्यांना चिकटला, बाकी कशालाच नाही. पाती स्टीलचीच असतात, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते खरंही आहे. मी खूश. लोहचुंबकाला चांदी ओढली जात नाही हे बरोबर. पण पितळ, जस्त, जर्मन सिल्व्हर आणि चमच्यांचं बरंचसं स्टेनलेस स्टीलही ओढलं जात नाही. म्हणजे माझ्या परीक्षेत सगळेच पास होणार होते.

पहिला घाव घातला तो वेलबुट्टीच्या मुठीच्या एका सुंदर काट्यावर. खाली लाकडाचा ठोकळा, हातात रबरी हातोडी, घावही हलकाच. चांदी असती तर दबली असती. हा काटा कचकन दोन तुकडे झाला आणि तुटलेल्या जागी राखाडी, साखरेसारखा रवाळ पोत दिसला. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, वर चकाकीचा थर. असे सहा काटे होते.

मग एक मोठा चमचा ड्रिलला लावला. पांढऱ्या चकाकीखालून पिवळा चुरा पडू लागला. ‘पितळ उघडं पडलं’ हे आयुष्यभर म्हणत आलो, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

सगळ्यात चीड आली ती सुऱ्यांची. ४० नगांतल्या १२ सुऱ्या, आणि सव्वादोन किलोंतलं जवळजवळ एक किलो वजन त्यांचंच. एक मूठ करवतीने कापली : बाहेर कागदासारखा पातळ पत्रा, आत पाती धरून ठेवायला भरलेली काळी राळ आणि वाळूसारखं काहीतरी. अशा पोकळ मुठी खऱ्या चांदीच्या संचातही असतात, त्यामुळे बनावटीला दोष नाही. दोष चांदीच्या भावाने राळ विकण्याचा. शिवाय ही भरण कंप पिऊन टाकते. सुरी दोऱ्याला टांगून वाजवली तर तडा गेलेल्या माठासारखा बद्द आवाज. (मूठ तापवून राळ काढायच्या फंदात पडू नका, आतली गरम राळ उसळून अंगावर येऊ शकते.)

राहिलेल्यांपैकी एकसारख्या पाच चमच्यांचं वजन घेतलं : २६० ग्रॅम. पाण्याने भरलेलं उंच भांडं वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि पाचही दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडतील पण तळाला टेकणार नाहीत असे धरले. वजनकाटा ३० ग्रॅमवर थांबला, म्हणजे चमच्यांनी बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चांदी असती तर २५च्या आसपास थांबायला हवा होता. २६० भागिले ३० म्हणजे पाण्याच्या साधारण ८.७ पट जड, हा जर्मन सिल्व्हरचा आकडा. तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर, अंगात चांदीचा कणही नाही. भिंगाने पाहिलं तर मुठीमागे झिजलेली अक्षरंही सापडली : ई. पी. एन. एस., म्हणजे निकेल-सिल्व्हरवर (जर्मन सिल्व्हरचंच दुसरं नाव) विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. आणि ‘शंभर वर्षं जुनं’ या शब्दांना मी उगाच भुललो. या विद्युत मुलाम्याचं पेटंट एल्किंग्टन यांनी इंग्लंडमध्ये १८४० सालीच घेतलं होतं. जुन्यातही मुलाम्याचं भरपूर असतं.

९२५चा तो एक छोटा चमचा मात्र खरा निघाला. पार्सलमध्ये तो एकटाच तसा. गळाला लावलेला गांडूळही खराच असतो.

तक्रार केली तर उत्तर : ‘छिद्र पाडलेला माल परत घेत नाही. आणि चांदी नव्हती का त्यात?’ म्हणून सांगतो, हातोडी-ड्रिल लावण्याआधी प्रत्येक नग उलटा करून बघा. प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, सुऱ्या वजनातून वगळायला सांगा, आणि एकेक नग दोऱ्याला टांगून वाजवल्याचा व्हिडिओ मागा. मी आवाजासाठी खरेदी करत होतो आणि आवाजाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं!

खरं तर नादासाठी चांदी लागतच नाही. जर्मन सिल्व्हर छान वाजतं, घरातले स्टीलचे सहा चमचेही वाजतात, फक्त स्टीलला ड्रिल सावकाश आणि तेल टाकून चालवावं लागतं, नाहीतर पातं जळतं. ‘चांदी’ हा शब्द वाचून माझी हाव सुटली, आणि त्याने विकला तो शब्दच. छिद्र कुठे पाडायचं तेही कानानेच ठरतं : चमचा दोन बोटांत सैल धरून वाजवायचा, पकड वरखाली सरकवत जायचं, जिथे आवाज सर्वांत लांब टिकेल तिथे खूण करायची. सरळ पट्टीत ही जागा टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर येते, चमच्यात थोडी इकडेतिकडे.

शेवटी ११ नग टांगले. मधोमध ठोका द्यायला लाकडाची चकती आहे आणि तिच्याखाली, वाऱ्याने हलायला, कापलेल्या मुठीचा तो पातळ पत्रा. जाहिरात अजून तशीच आहे. फक्त ‘४० नग’च्या जागी आता ‘६० नग’ लिहिलंय आणि ठशाचा फोटो पुन्हा एकाच छोट्या चमच्याचा आहे.