पळसदेवची बोट राईड: जा, पण आधी जॅकेट मोजा

उन्हाळ्यात उजनी धरण बरंच मायनसमध्ये (म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात) गेलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं आणि रील्सचा पूर येतो, आम्ही पण तेच बघून निघालो, फरक एवढाच की सोबत मावशीआजी होती आणि ते गाव तिचं माहेर. 1980 ला धरण पूर्ण झालं, त्याआधीच गाव उठलं, तेव्हापासून ती इकडं फिरकलीच नव्हती.

बऱ्याच जणांना वाटतं मायनस म्हणजे कोरडं, चालत जाऊ. तसं नाहीये, 117 टीएमसीतलं जवळपास 63 मृतसाठाच आहे, त्यामुळे मायनसमध्ये पण भरपूर पाणी असतं आणि बोट लागतेच. पैसे बसायच्या आधी ठरवा, आमच्याकडून परतीला जास्त मागितले.

आता मेन तक्रार. आम्ही आठ जण आणि जॅकेट तीन, ती पण फळीखाली ओली पडलेली, मागितल्यावर "काय नाय होत" हे उत्तर. अरे 21 मे 2024 ला याच पाण्यात कुगाव-कळाशीच्या बोटीचे वादळात सहा जण गेलेत, काय नाय होत कसं?? वारा सुटला की तर बसूच नका. यासाठी दोन स्टार कापले.

बाकी तीन मात्र पूर्ण त्या बोटवाल्या पोराचे. देऊळ भारीच आहे, विटांचं शिखर एवढी वर्षं पाण्यात राहून उभंय (पिंडी आता नव्या गावातल्या देवळात असते, इथे शोधू नका), बाजूला वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) पडलेत, त्यावर बूट घालून फोटो काढणाऱ्यांना काय बोलायचं. पण खरी मजा पाण्यावरच आली. पोरगा म्हणाला "हितं चावडी हुती", मावशीआजी म्हणाली "तुला कुणी सांगितलं? चावडी तिकडं, ही आमची गल्ली." तो म्हणे वडील सांगायचे, ही म्हणे तुझ्या वडलांना काय ठाव, ते तवा शेंबडं पोर असतील. त्यानं चक्क इंजिन बंद केलं आणि दोघांची दहा मिनिटं हुज्जत, खाली नुसतं हिरवं पाणी. शेवटी "बरं मावशी, तुम्ही म्हणताल तसं."

उतरताना घोटाभर गाळ आहे, चप्पल हातात घ्या. आम्ही काठावर पाय धूत होतो तोवर तो पुढची पार्टी घेऊन निघाला, आणि वाऱ्यावर ऐकू आलं, "तिकडं बघा, तिकडं चावडी हुती."