२०२१ ची हिमालयन ४११, मागणी १ लाख ५५ हजार: द्यावेत का?

उदगीरच्या एका मुलाने रॉयल एनफिल्ड हिमालयन विकायला काढली होती. लातूर पासिंग, सिंगल हँड, रनिंग २६ हजार, सोबत पॅनियर (दोन्ही बाजूंना लावायचे सामानाचे डबे), फॉग लाइट, क्रॅश गार्ड. मी लातुरात क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि सुट्टी लागली की लांब फिरायला निघते. ही गाडी मला हवीच होती. पण हवी असणं वेगळं आणि मागेल ती किंमत देणं वेगळं.

आधी त्याने भाव कशावरून लावला ते बघितलं. ४५० सीसीची नवी हिमालयन २०२३ च्या शेवटी आली आणि ४११ बंद झाली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागला. नवी महागली, म्हणून जुनीचे मालक ताणून धरतात. क्लासिक किंवा मिटिऑर ३५० बघत असाल तर हिशोब उलटा लावा. तिथे कर २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. शोरूमचा भाव उतरला तर जुनीचाही उतरलाच पाहिजे, आणि विकणारा ते आपणहून सांगणार नाही.

ॲक्सेसरीजचे त्याने वीसेक हजार धरले होते. मी एक रुपयाही धरला नाही. पॅनियर काढून वेगळे विका, म्हटलं.

मी सकाळी येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं बजावून ठेवलं होतं. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. सायलेन्सरला हात लावला, गार होता. एका सेल्फमध्ये सुरू झाली, धूर नाही. टॅपेटचा (इंजिनातल्या व्हॉल्व्हचा) थोडा टकटक आवाज होता, पण तेवढा या एअर-कूल्ड इंजिनाला चालतो. शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नव्हता.

मग मेन स्टँडवर घेतली. सोबत आलेल्या मेकॅनिक उस्तादांनी मागून भार देऊन पुढचं चाक अधांतरी केलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हँडल दोन बोटांनी फिरवा, हळू." डावीकडून उजवीकडे नेताना अगदी मधोमध हँडल किंचित अडकलं, मग पुढे सरकलं. बोटांनाच कळावं इतकं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. रस्त्यावर हे कदाचित लक्षातही आलं नसतं, कारण पुढचं २१ इंची चाक खड्डे सहज गिळतं. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चक्रावरून) ओढली तर अर्धा दात उघडा पडला, म्हणजे चेनसेटही बदलायचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे वर्षाचे. पुढच्यावर १२२१ होतं. टायर कंपनीतून आलेलाच, नक्षी बरी, पण रबर कडक आणि कडेला बारीक भेगा. त्यातून एक चांगलं कळलं, रनिंग खरं असावं. सर्व्हिसच्या नोंदीही जुळल्या.

उस्तादांचा अंदाज असा: चेनसेट साडेचार हजार, कोनसेट मजुरीसकट अडीच, दोन्ही टायर-ट्यूब आठ, ऑइल, ब्रेक पॅड, सर्व्हिस मिळून तीन. थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असल्याने अजून चालू होता, पण गाडीच्या नुकसानीचा संपलेला. त्याचे दोन धरले. एकूण २० हजार. धड अवस्थेतल्या अशा गाड्या लातूर-नांदेडकडे मला १ लाख ४० ते ४५ हजारांत दिसल्या होत्या. म्हणजे हिची किंमत सव्वा लाखाच्या आतबाहेर, १ लाख ५५ नाहीच.

चालवायला मात्र मन भरतं. औसा रोडला ८०-९० च्या वेगात ती निवांत धावते, शंभरच्या वर ओढली की इंजिनाचा जीव कासावीस होतो. ताकद २४ हॉर्सपॉवरच, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी ही घेऊ नये. टाकी १५ लिटरची, ॲव्हरेज तिशीच्या आसपास, लातूरहून पुणं मध्ये पेट्रोल न भरता गाठता येतं. सीट ८०० मिलिमीटर, माझी उंची पाच फूट चार इंच, पाय टेकतात. पण वजन १९९ किलो आहे. उतारावर लावलेली गाडी मागे घेताना दम लागतो. मुलींनो, घेण्याआधी हे एकदा स्वतः करून बघाच.

हिशोब कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवला. त्याने कोनसेट स्वतः तपासला आणि मान्य केलं. सौदा १ लाख २६ हजारांत झाला. या किमतीला गाडी रास्त आहे, असं मी ठामपणे सांगेन.

आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. कर्ज फिटलंय, नोंद काढलेली नाही. म्हणून १५ हजार राखून ठेवलेत. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म ३५ हातात आला, गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जमा झाले की ते देईन, असं दोघांच्या सहीने लिहून घेतलंय. पॅनियर त्याने काढून नेले, क्रॅश गार्ड राहू दिला.