एकतीस सत्रे, पन्नास मिनिटांचा तास आणि माझा जबडा

शरीरकेंद्री मानसोपचार, म्हणजे मनावरचा ताण अंगातल्या जाणिवांवाटे ओळखून सोडवण्याचा उपचार, येथे सविस्तर सांगत बसत नाही. ज्यांनी थोडीफार चौकशी केली आहे त्यांना पाय जमिनीवर टेकवणे, श्वास न्याहाळणे, अंगाला थरथर आली तर ती येऊ देणे वगैरे ठाऊक असतेच. मी बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. इस्रायलमधल्या अश्दोद शहरात, केवळ ज्यू स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात, मी आठ महिन्यांत एकतीस वैयक्तिक आणि सहा गटसत्रे केली. वैयक्तिक सत्राला ३८० आणि गटसत्राला १२० शेकेल या दराने आजवर बरोबर १२,५०० शेकेल खर्च झाले आहेत. हा अनुभव मी चौथ्या महिन्यातच लिहायला घेतला होता आणि तेव्हा पुरा केला असता तर तो निव्वळ तक्रारअर्ज झाला असता. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही, हे वाचणारीने ध्यानात ठेवावे.

सुरुवात दाढेपासून झाली. वरच्या दाढेवरची कॅप वर्षात दोनदा फुटली, तेव्हा दंतवैद्याने सांगितले की दोष कॅपचा नसून मी झोपेत दात आवळते. त्याने रात्री घालायची एक पट्टी करून दिली आणि तिचे नऊशे शेकेल घेतले. दात का आवळते हे शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. आमची इमारत जुनी आहे. १९९० च्या दशकापासून नव्या घरांत जी सुरक्षित खोली असते ती आमच्याकडे नाही. रॉकेटहल्ल्याचा सायरन वाजला की पंचेचाळीस सेकंदांत तीन मजले उतरून तळघरातला निवारा गाठायचा, आणि सायरन नसेल तेव्हा खालून एखादी मोटारसायकल वेग घेत गेली तरी तिचा आवाज सायरनच्या पहिल्या सुरासारखा वाटून हात कठड्याकडे जायचा. सार्वजनिक आरोग्यनिधीच्या रांगेत नाव घातले होते, पण पाच महिने कोणी बोलावले नाही, म्हणून पदरचे पैसे काढून खासगीत गेले.

पहिल्या दिवसापासून मला खटकलेली गोष्ट म्हणजे घड्याळ. खोलीत एकच घड्याळ आहे आणि ते रुग्णाच्या खुर्चीच्या बरोबर मागे, भिंतीवर, फक्त थेरपिस्ट बाईंना दिसेल असे लावले आहे. ज्याला तास म्हणतात तो मुळात पन्नास मिनिटांचा, आणि त्यातली पहिली काही मिनिटे काहीही न बोलता जातात. तळव्यांखाली जमीन कशी लागते ते पाहा, पाठ खुर्चीला कुठे टेकते ते पाहा, मान सावकाश वळवून खोलीतल्या वस्तू पाहा, असे बाई सांगतात आणि गप्प बसतात. मनगटावरच्या घड्याळात मी मोजले तर ही सात मिनिटे भरली. मिनिटाला सात शेकेल साठ अगोरोत (शंभर अगोरोतांचा एक शेकेल), म्हणजे सात मिनिटांचे त्रेपन्न शेकेल वीस अगोरोत. बाराव्या सत्रापर्यंत मी खुर्चीला पाठ टेकण्याचे ६३८ शेकेल मोजले होते. पाठ टेकायला माझ्या घरीही खुर्च्या आहेत.

केवळ ज्यू स्त्रियांसाठी असण्याचा उपयोग मात्र मला वाटले होते त्यापेक्षा अधिक निघाला. मी काही फार सोवळी नाही, शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीदिवसाला, मेणबत्त्या लावते आणि वर्ज्य असला तरी टीव्हीही लावते. पण गटातल्या आठपैकी पाच जणी डोक्याला रुमाल बांधणाऱ्या होत्या आणि परपुरुषाबरोबर बंद खोलीत बसणे किंवा त्याने खांद्याला हात लावणे त्यांना धर्मानेच वर्ज्य आहे. या उपचारात क्वचित पाठीवर किंवा दंडावर हात ठेवावा लागतो, त्यामुळे थेरपिस्ट स्त्री असणे ही त्यांच्यासाठी केवळ सोय नसून अट आहे. या पद्धतीचे मूळपुरुष विल्हेल्म राइख हे १८९७ साली पूर्व युरोपातल्या गॅलिशिया प्रांतात ज्यू घरात जन्मले, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या वर्तुळात वाढले, १९३४ साली मनोविश्लेषकांच्या संघटनेतून बाहेर काढले गेले आणि १९५७ साली अमेरिकेतल्या तुरुंगात वारले. त्यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन हेही न्यूयॉर्कच्या ज्यू घरातलेच. दोघेही रुग्णाला अगदी कमी कपड्यांत ठेवून त्याच्या स्नायूंची गाठ वाचत असत. तेच काम आज पूर्ण बाह्यांच्या, घोट्यापर्यंत झगे घातलेल्या बायका करतात आणि गाठ कपड्यांवरूनही ओळखता येते असे दिसते. गटातली एक जण म्हणाली की मिक्वेत, म्हणजे धार्मिक शुद्धिस्नानाच्या कुंडात, उतरण्यापूर्वी अंगावर सुटा केससुद्धा राहिला नाही ना, हे दुसरी बाई बारकाईने पाहते, पण त्या अंगाला काय वाटते हे तिला आयुष्यात कोणी विचारले नव्हते. त्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. गटसत्रात तरी १२० शेकेल वाया जात नाहीत, असे मला तेव्हा वाटले.

आता भांडणाकडे येते. तेराव्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी दिमोनाहून फोन आला की धाकटी मावशी गेली. आपल्यात माती लांबवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दफन होते, आणि माझे सत्रही त्याच सकाळी दहाला होते. मी रात्रीच संदेश पाठवला. आठवडाभराने हिशेब आला त्यात न झालेल्या सत्राचे पूर्ण ३८० शेकेल लावलेले होते, कारण नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तास आधी कळवायला हवे होते. मी कचेरीला चार ईमेल लिहिले. पहिल्यात विनंती होती. दुसऱ्यात मी विचारले की ज्यू स्त्रियांसाठी म्हणून पाटी लावणाऱ्या केंद्राला ज्यू दफन किती तासांत होते हे माहीत नसावे काय, आणि मृत्यूने अठ्ठेचाळीस तासांची नोटीस द्यावी अशी त्यांची अपेक्षा आहे काय. तिसरा आणि चौथा येथे देण्याजोगा नाही. शेवटी पैसे परत न देता ती रक्कम पुढच्या सत्रात वळती करून घेतली गेली. रोख परत न मिळाल्याचा सल मला आजही आहे.

त्यानंतरच्या सत्रात मी बसताक्षणी, जमीन-बिमीन न पाहता, बाईंना हे सगळे ऐकवले. बिलाचे काम कचेरी पाहते, असे त्या सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी नेहमीचा प्रश्न केला : हे शरीरात कुठे जाणवते आहे? या प्रश्नाला तोवर मी हिब्रूत एकच उत्तर देत आले होते, ‘जबड्यात’, कारण मला दुसरे सुचत नसे. त्या दिवशी तोंडातून मराठी निघून गेले. मी म्हणाले, तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

बाईंनी अर्थ विचारला. मी शब्दाला शब्द लावून सांगितला, तर त्या वहीत लिहून घेऊ लागल्या आणि म्हणाल्या की आग तळपायातून निघून मस्तकापर्यंत कोणत्या वाटेने जाते ते सांगा, वाटेत कुठे थांबते का? आणि खरोखरच ती थांबत होती. पोटऱ्यांतून वर येत होती, पोटात थोडी पसरत होती आणि गळ्याखाली येऊन अडत होती. त्या सत्रात मी चाळीस मिनिटे मराठीत बोलले. बाईंना एक अक्षर कळत नव्हते आणि त्यांनी मला थांबवलेही नाही, फक्त माझे हात कुठे जातात ते पाहत राहिल्या.

तेव्हापासून माझे मत बदलू लागले. बारा सत्रे मी ज्या प्रश्नाला कंटाळले होते, त्याची उत्तरे माझ्या आईच्या बोलण्यात तयार पडलेली होती. पोटात कालवते, ऊर भरून येतो, हातपाय गळतात, जीव वर-खाली होतो, काळजात चर्र होते. हे ‘चर्र’ बाईंना समजावण्यासाठी मी तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज काढून दाखवला. यूजीन गेंडलिन हे व्हिएन्नात १९२६ साली जन्मलेले आणि १९३८ साली नाझींपासून कुटुंबासह निसटलेले ज्यू तत्त्वज्ञ पुढे शिकागोत हेच शिकवत असत, की शरीराला आतून जे अस्पष्ट वाटते त्याला नेमका शब्द मिळाला की आत काहीतरी सैल होते. माझे नेमके शब्द ठाण्याच्या स्वयंपाकघरात होते आणि मी ते अश्दोदला हिब्रूत शोधत होते. बाईंनीही मग हिब्रूतले जुने शब्द काढले. तेथे संतापाला ‘खरोन आफ’ म्हणतात, म्हणजे नाकाचा दाह. आणि मनाच्या टोचणीला ‘मूसर क्लायोत’, म्हणजे मूत्रपिंडांनी दिलेली समज. आपल्या नाकाला मिरच्या झोंबतात हे मी सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या. श्वास म्हणजे नेशिमा आणि आत्मा म्हणजे नेशामा हा त्यांचा श्लेष मात्र दर दोन सत्रांनी ऐकावा लागतो, त्याला इलाज नाही.

या पद्धतीत शरीराला स्वस्थ वाटलेली एखादी आठवण शोधून ठेवायला सांगतात, म्हणजे त्रासाच्या आठवणीतून मध्येच तिकडे परतता येते. बहुतेक जणी समुद्रकिनारा सांगतात. मला आठवले ते बिरडे सोलणे. आमच्याकडे जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला बिरड्याचा रोजा म्हणतात, आणि त्याच्या आदल्या दिवशी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून आई, मावशी आणि मी जमिनीवर बसून सोलत असू. अंगठा आणि तर्जनी यांत धरून किंचित दाबले की दाणा सालीतून निसटतो. फार दाबला तर दुभंगतो आणि आई ओरडते. बाईंनी मला हवेतच तो दाणा दाबायला सांगितला. दहाबारा वाल सोलून होईतो माझा जबडा आपोआप सुटला होता, आणि हे मला त्यांनी दाखवून द्यावे लागले नाही.

गटात एकदा ओला टॉवेल पिळत मोठ्याने ‘लो’, म्हणजे ‘नाही’, म्हणायचे होते. लोवेन यांच्या परंपरेतला हा प्रकार मला आधी पोरकट वाटला, पण टॉवेल पिळणे ही गोष्ट मला त्या सातजणींपेक्षा चांगली येते. चाळीत गोधडी पिळताना दोन टोकांना दोघी लागतात आणि एकीने हात सैल सोडला तर दुसरी तोल जाऊन पडते. मी शेजारच्या जॉर्जियन बाईला दुसरे टोक दिले. एरवी तिची-माझी फारशी ओळख नव्हती. टॉवेल फाटला, आणि त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत याची नोंद मी येथे मुद्दाम करते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. इस्रायलमध्ये ‘मानसशास्त्रज्ञ’ ही पदवी १९७७ च्या कायद्याने बांधलेली आहे, परंतु ‘मानसोपचारक’ असे नाव कोणीही लावू शकते, आणि शरीराच्या नावाखाली तर काय वाटेल ते विकले जाते; म्हणून मूळ परवाना कशाचा आहे ते विचारावे. आमच्या बाई नोंदणीकृत समाजसेविका आहेत आणि हे प्रशिक्षण त्यांनी वरून घेतले आहे. पुराव्याचे म्हणाल, तर पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग या शरीरकेंद्री आघातोपचार पद्धतीची एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, ती इस्रायलमध्येच ६३ जणांवर झाली होती आणि तिचा निष्कर्ष अनुकूल होता. पण त्यात तुलना केली होती ती उपचाराच्या प्रतीक्षेत बसलेल्यांशी, दुसऱ्या कोणत्या उपचाराशी नव्हे. शिवाय त्यांना आठवड्याला एक याप्रमाणे पंधरा सत्रे दिली होती आणि माझी एकतीस झाली आहेत. हे मी बाईंना विचारले तेव्हा त्यांनी हे शरीरात कुठे जाणवते असे विचारले.

बाईंचे म्हणणे असे की माझा जबडा सायरनच्या आधीपासूनचा आहे. मावशीचे लग्न ठरले तेव्हा रब्बीसंस्थेने, म्हणजे इस्रायलमधल्या ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेने, १९६२ साली काढलेला फतवा लागू होता आणि बेने इस्रायली वधूला आई, आजी, पणजी ज्यू असल्याचे दाखवावे लागे. जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी धरणे धरल्यावर १९६४ साली तो बदलला गेला. मावशीने त्या कचेरीत दात आवळून उत्तरे दिली, हे ती शेवटपर्यंत सांगत असे. मी हे सत्रात सांगितले आणि सांगताना माझ्याही कानशिलापाशी काहीतरी ताणले गेले, हे खरे आहे. परंतु दात ही काही पणजीकडून आलेली पाटली नव्हे, आणि बाईंचा तर्क मला अजून पटलेला नाही.

सध्या मी पंधरा दिवसांनी एकदा जाते. घड्याळ त्याच भिंतीवर आहे. मी खुर्ची थोडी तिरकी करून बसते, त्यामुळे ते डोळ्यांच्या कडेला दिसते. सुरुवातीच्या सात मिनिटांत हल्ली मी मनात वाल सोलते. नवी कॅप पाच महिने टिकली आहे आणि रात्रीची पट्टी डबीत पडून आहे. नऊशे शेकेल दिलेले असल्यामुळे ती टाकून देण्याचा धीर होत नाही.