आय सेव्हन गेमिंग पीसी म्हणून २०११ चा प्रोसेसर गळ्यात मारला, ३७,३०० गेले

लिहायला लाज वाटतेय पण लिहितोय, बारावी झालेल्या पोरांसाठी पीसी घेणारे बरेच जण असतील म्हणून.

भाच्याला गेमिंग पीसी हवा होता, ताईने विश्वासाने पैसे माझ्या हातात दिले. आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. ३८,५०० सांगितले, ३६,८०० ला तोडलं, वर ५०० घरी येऊन जोडायचे.

दुकानदाराने माझ्यासमोर चालू करून प्रॉपर्टीज उघडून दाखवल्या. स्क्रीनवर सरळ लिहिलेलं, इंटेल कोअर आय सेव्हन २६००, ३.४० गिगाहर्ट्झ. मी वाचलं. विचारलंसुद्धा, हे २६०० काय? तर म्हणे "मॉडेल नंबर आहे साहेब, आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन." मोबाईल हातातच होता हो माझ्या! तो आकडा तिथल्या तिथे टाकला असता तरी कळलं असतं की ही सेकंड जनरेशन आहे, म्हणजे प्रोसेसरची दुसरी पिढी, जानेवारी २०११ ची. अजून रात्री झोप लागत नाही त्या एका मिनिटामुळे.

मी काही अडाणी नाही, पण कॅबिनेट नवं, समोर काच, रंगीत पंखे, मदरबोर्ड माझ्यादेखत खोक्यातून काढलेला. इतक्या जुन्या प्रोसेसरला बसणारे एच ६१ प्रकारचे मदरबोर्ड आजही नवेकोरे मिळतात हे साध्या माणसाला कुठून कळणार? इंटेलच्या आय थ्री, आय सेव्हन वगैरेंमध्ये आकड्याची सुरुवात बघा, १२४०० म्हणजे बारावी जनरेशन, २६०० म्हणजे दुसरी. बाराव्या जनरेशनचा साधा आय थ्री १२१००एफ सुद्धा याच्या कितीतरी पुढे आहे.

घरी व्हॅलोरंट हा गेम टाकला तर सुरूच होईना, विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, ते या बोर्डात नाहीच. भाच्याच्या मित्राने साइडची काच काढली तर रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची, आणि ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, तेही जुनंच. डीडीआर३ ऐकलं की दुकानातून उठायचं, लक्षात ठेवा. पोरगं काही बोललं नाही, नुसतं बघत राहिलं.

दुकानदार म्हणतो मी खोटं कुठे बोललो. चौकीत गेलो तर दोन तास बाकावर बसवलं, मग "वस्तू मिळाली ना, चालू आहे ना, मग फसवणूक कसली?" अर्ज लिहून आणा म्हणाले, नेला तर साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्या खेपेला सांगतात हे आमचं कामच नाही, ग्राहक तक्रारीचं बघा. तिथला माणूस मान वर न करता म्हणतो पक्कं बिल आणा. यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सअपवर त्याचं कोटेशन आहे, हा पुरावा नाही? तीन दिवसांची रजा गेली माझी, आणि प्रत्येक जण मलाच गुन्हेगारासारखं विचारतो की तुम्ही बघून का नाही घेतलं!

बिल म्हणजे पिवळी चिठ्ठी, "कॉम्प्युटर सेट आय ७, १ नग". पक्कं मागितलं तर १८ टक्के वर, म्हणजे ६,६२४ जास्त लागतील म्हणाला, म्हणून सोडलं. तुम्ही सोडू नका, प्रोसेसर, बोर्ड, कार्ड, प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या, नाही म्हणाला तर पैसे देऊच नका.

काल त्याचा फोन आला, परत घेतो म्हणे, ११,००० ला.