हुबळीचा 'लोकल पार्टनर'

दिवाळीआधी इंदूर, सुरत आणि हुबळीत आमच्या चपलांची प्रदर्शनं लावायची होती. सुभाषनगरात सासऱ्यांच्या काळापासून आमचं काम चालतं, पण कोल्हापूरबाहेर आम्हाला ओळखतं कोण? एक पीआरवाला, म्हणजे प्रसिद्धीची कामं घेणारा, म्हणाला, "वहिनी, तिन्ही गावांत आमचे लोकल पार्टनर आहेत. बातमी छापून येणार म्हणजे येणार." गावामागे 40 हजार, वर 18 टक्के जीएसटी. 1 लाख 41 हजार 600 रुपये आम्ही आगाऊ भरले. बातमी घ्यायची की नाही हे संपादक ठरवतो, हमी फक्त पैसे भरलेल्या जाहिरातीची असते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर कात्रणं आली. हुबळीचं कानडी. मधोमध आमच्या कापशी चपलेचा फोटो, वेणी आणि गोंडा अगदी ठसठशीत. हरखून ते निपाणीच्या आत्यांना पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन, "अगं, ह्यात चपलंचं एक अक्षर न्हाई. कुठल्या तरी सोसायटीच्या सभेची बातमी हाय ही."

मग त्या तारखांचे ई-पेपर उघडून बसले. इंदूर, सुरत, कुठेच काही नाही. 'हुबळीच्या पार्टनर'च्या बिलावर जीएसटी नंबर 27 ने सुरू. 27 म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटकाचा 29. ते बिल माझ्याकडे पंधरा दिवस पडून होतं.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते प्रेसनोटमधलं एक वाक्य: 'अस्सल चप्पल फक्त कोल्हापूरची, बाकी सगळी नकली.' हे हुबळीत सांगायचं? कोल्हापुरी चपलेचं 2019 चं जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. हुबळी धारवाड जिल्ह्यातच येतं. तिथला खरा माणूस असता तर त्यानं पहिल्याच वाचनात ती ओळ खोडली असती. लोकल पार्टनर घ्यायचा तो यासाठीच ना! त्याच्याशी पैसे देण्याआधी स्वतः फोनवर बोला, त्या गावची भाषा येणारं कुणीतरी शेजारी बसवून. निम्मी रक्कम छापील अंक हातात पडेपर्यंत सोडू नका.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या पीआरवाल्याचा जुना नंबर बंद आहे. परवा गांधीनगरच्या एका कापडवाल्याला त्यानं कामाचा नमुना म्हणून तेच कानडी कात्रण दाखवलं. आमच्या चपलेचा फोटो त्यात तसाच आहे.