४७१ रुपयांचं नेट आणि शिडीवाला भाऊ

मी गावात सेवा केंद्र चालवते, त्यामुळे नेटबद्दल बोलायचा मला थोडा जास्तच हक्क आहे. घरी नेट गेलं तर सिरियल अडकते. माझ्याकडे गेलं तर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, लाडक्या बहिणींची ई-केवायसी सगळं जागच्या जागी थांबतं आणि बाकड्यावरची माणसं माझ्याकडे अशी बघतात की जणू केबल मीच दातानं तोडली.

माझ्याकडे दोन कनेक्शन आहेत. एक आमच्या केबलवाल्या भावाचं, सहा वर्षांपासूनचं. प्लॅन ५०० चा, १८ टक्के जीएसटी धरून ५९०. दुसरं सरकारच्या भारतनेट उद्यमी योजनेतलं, चौदा महिन्यांपूर्वी घेतलेलं. ३९९ चा ३० एमबीपीएसचा प्लॅन, कर धरून ४७१ ला पडतो. गावातली निम्मी माणसं मला विचारतात, "ताई, कुठलं घेऊ?" प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी योजनेच्या नेटबद्दल. लाइन चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. ३० म्हणजे खरोखर २८-२९ मिळतात, रात्री नऊलासुद्धा. मला डाउनलोडपेक्षा अपलोड महत्त्वाचा, कारण दिवसभर स्कॅन केलेले कागद वर चढवायचे असतात. तिथंही ते अडलं नाही. (तीच पीडीएफ दोनशे केबीत कोंबायला लावणाऱ्या पोर्टलांचा रिव्ह्यू कधीतरी वेगळा लिहीन.) पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत पोर्टलच झोपायचं, पण तो दोष नेटच्या माथी मारता येत नाही.

ही योजना तशी जुनी. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं मंजूर झालं, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पुढच्या टप्प्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. आमच्या पंचायतीत फायबरची पेटी कधीच येऊन बसली होती. पण पंचायतीच्या भिंतीपासून माझ्या टेबलापर्यंतचे पाचशे मीटर कोण ओढणार, हा प्रश्न होता. त्यासाठी उद्यमी नेमतात, म्हणजे गावातलाच किंवा शेजारचा माणूस. घरापर्यंतच्या लाइनीचा खर्च योजनेचा, देखभाल त्याची आणि महिन्याच्या बिलात निम्मा वाटा त्याचा.

आमच्याकडे सुरुवातीला शेजारच्या गावचा एक मुलगा उद्यमी झाला. भावानं ते काम नको म्हटलं होतं. माझ्याच केंद्रात बसून, पावतीच्या मागच्या बाजूला त्यानं हिशोब मांडला होता. स्वतःच्या ५०० मधले निम्म्याच्या आसपास त्याला नेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीला जातात, हातात राहतात अडीचशे. उरलेल्यात दोन पोरांचा पगार, खांबावर वायर टाकायचं भाडं, ओएलटीच्या (सगळ्या घरांच्या तारा जिथं येऊन मिळतात त्या मशीनच्या) खोलीचं लाइटबिल आणि तुटलेली तार जोडायच्या स्प्लायसिंग मशीनचा हप्ता. तिकडे ३९९ चे निम्मे, म्हणजे दोनशे. "ताई, पन्नास रुपये कमी आणि शिव्या तेवढ्याच," असं म्हणून पावती चुरगाळून खिशात टाकली.

मग गावच्या मेन गल्लीत ४७१ ची वायर आली. भावाच्या १४० गिऱ्हाइकांपैकी साठेक जण चार महिन्यांत गेले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. महिन्याला ११९ रुपये वाचत असतील तर कोण नको म्हणेल? मीसुद्धा दुसरं कनेक्शन घेतलंच ना. पण त्या साठ घरांत तार आधीपासून होती. भावानं कर्ज काढून टाकली होती, लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी शिडी घेऊन पावसात फिरून टाकली होती. तिथं सरकारी पैशानं दुसरी तार टाकून नवं काय मिळालं? नेट होतंच, थोडं स्वस्त झालं.

आणि यात एक गंमत आहे, मला ती पचतच नाही. या योजनेला पैसा येतो तो डिजिटल भारत निधीतून. आधी त्याला युएसओ फंड म्हणायचे. परवाना असलेल्या कंपन्यांच्या एजीआरमधून, म्हणजे परवाना शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या उत्पन्नातून, ५ टक्के त्यात भरले जातात. म्हणजे भावाच्या वरची ती छोटी जिल्ह्यापुरती कंपनीही त्यात भर घालते. भावाच्या बिलातला कुठला तरी एक रुपया फिरून फिरून त्याच्याच गल्लीत त्याच्यासमोर उभा राहिला.

याचा परिणाम मला कसा जाणवला ते सांगते, कारण गिऱ्हाईक म्हणून मला तेवढंच कळतं. भावानं दोनपैकी एक पोरगं कमी केलं. पूर्वी सकाळी दहाला फोन केला की जेवायच्या आत माणूस यायचा. आता "उद्या बघतो ताई."

गेल्या मे महिन्यात रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं दोन्ही केबल एकाच फटक्यात उडवल्या. मला राऊटरची भाषा आता कळते, भावानंच शिकवली. लॉसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला की काच, म्हणजे केबलमधली फायबर, तुटली समजायचं. दिवा हिरवा असून नेट नसेल तर घोटाळा वरचा. त्या दिवशी माझ्या दोन्ही डब्यांवर लाल. भावाची लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी चालू झाली. योजनेची नऊ दिवसांनी, कारण तालुक्याकडून पंचायतीकडे येणारी मोठी केबल उद्यमीच्या हातात नसते, ती देखभालीच्या ठेकेदाराकडे. उद्यमी पोरगं बिचारं रोज फोन करत होतं. जुनी रचनाही अशी की तालुक्यापासून एकामागून एक गावं एकाच दोरीत, मध्ये तुटलं की पुढचं सगळं बंद. नव्या टप्प्यात हे वर्तुळात करणार आहेत, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालेल. आमच्याकडे ते वर्तुळ अजून पोचलेलं नाही.

त्यानंतर त्या उद्यमी पोरानं काम सोडलं आणि ते घेतलं कुणी? आमच्याच भावानं. दुसरा इलाज नव्हता त्याच्याकडे.

पण आता योजनेची चांगली बाजू, आणि ती मला मनापासून लिहायची आहे. आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर एक वस्ती आहे, अकरा घरांची. भावानं तिकडे कधी वायर नेली नाही आणि मी त्याला दोष देत नाही. तीन किलोमीटर काच टाकून अकरा घरांचे अडीच-अडीचशे घ्यायचे, तर मुद्दल निघायला त्याचा नातू मोठा व्हावा लागला असता. योजनेचा खर्च मिळाल्यावर ती लाइन त्यानं गेल्या दिवाळीआधी ओढली. तिथली एक आजी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी दर वर्षी माझ्याकडे चालत यायची. या वेळी नातसुनेनं घरीच मोबाइलवर तोंड दाखवून दाखला काढून दिला. माझं एक गिऱ्हाईक गेलं, पण त्याचं वाईट वाटलं नाही.

तर, घ्यायचं का? वस्तीवर राहत असाल तर डोळे मिटून योजनेचं घ्या, पाचपैकी साडेचार. गल्लीत राहत असाल आणि नेट फक्त करमणुकीला असेल, तरी घ्या, पाचपैकी साडेतीन. दीड स्टार त्या नऊ दिवसांचा कापलाय. ज्यांचं पोट नेटवर आहे त्यांनी एकट्या त्याच्यावर विसंबू नका. आणि घेण्याआधी प्लॅनच्या स्पीडपेक्षा एक गोष्ट विचारा: शिडी घेऊन कोण येणार आणि तो किती लांब राहतो?

मी दोन्ही ठेवलीत. परवा वाऱ्यानं झाडाची फांदी पडून खांबावरून घरात येणाऱ्या दोन्ही ड्रॉप वायर तुटल्या, तेव्हा भाऊ एकाच शिडीवर चढून दोन्हीचे जॉइंट मारून गेला. चहा प्यायला थांबला नाही, अजून सहा घरं बाकी होती. जाताना मी त्याच्या ५९० च्या कनेक्शनचे वर्षाचे पैसे एकदम दिले. त्यानं पावती लिहिली, आणि या वेळी चुरगाळली नाही.