घरात चोवीस तास चालणारा डबा: रास्पबेरी पाय, जुना लॅपटॉप की ऑफिसातून निघालेला मिनी पीसी?

घरात सतत चालू राहणारा एक छोटा संगणक, म्हणजे घरचा सर्व्हर, असावा असं वाटायला लागलं, की माणूस आधी यूट्यूबवर जातो आणि रास्पबेरी पाय (एकाच पाटीवरचा छोटा संगणक) घ्यायचं ठरवूनच परततो. कामं साधारण चारच असतात. जाहिराती अडवायला पाय-होल हा प्रोग्राम, तसेच दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट, सिनेमांसाठी जेलीफिन आणि फोटोंसाठी इमिच. मला विचारणारे बहुतेक जण या शेवटच्या कामासाठीच येतात. गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली आणि फुकटचे १५ जीबी कुटुंबात कुणाचे ना कुणाचे भरलेलेच असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तिघांत सगळ्यात जास्त नाव पायचं आहे, पण घरचा सर्व्हर म्हणून माझ्या लेखी त्याचा नंबर शेवटचा. घरात चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल तर एक रुपयाही खर्च न करता त्यावर सुरुवात करावी. नसेल, किंवा फोटोंचं काम मनावर घेतलं असेल, तर वापरलेला मिनी पीसी.

पायबद्दलचं प्रेम समजण्यासारखं आहे. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय आला तो ३५ डॉलरला, आणि तो आकडा लोकांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. २०२३ चा पाय ५ बाजारात आला तेव्हा ४ जीबीचा ६० आणि ८ जीबीचा ८० डॉलरला होता. २०२५ च्या शेवटी मेमरी महागली तशा या किमती आणखी वर गेल्या. शिवाय दागिन्याच्या घडणावळीसारखा खरा हिशेब शेवटी कळतो: २७ वॅटचा खास अॅडॉप्टर, पंखा, केस, एसएसडी (मेमरी कार्डापेक्षा टिकाऊ साठवण) जोडायची वेगळी पाटी आणि ती एसएसडी. एवढं सगळं जमवेपर्यंत तुम्ही मिनी पीसीच्या किमतीच्या पुढे निघून गेलेले असता.

अॅडॉप्टरचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण नव्या माणसाची इथेच फसगत होते. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. फोनचा किंवा लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर असला म्हणून चालेल असं नाही. ते चार्जर जास्त वॅट देतात ते व्होल्टेज वाढवून, ५ व्होल्टवर ३ अँपिअरच्या पुढे सहसा जात नाहीत. अशा चार्जरवर पाय सुरू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. मग बाहेरची हार्ड डिस्क मधूनच गायब होते आणि आपण दोष डिस्कला देत बसतो.

दुसरं दुखणं मेमरी कार्डाचं, पाय एरवी त्यावरूनच चालतो. सर्व्हर रात्रंदिवस काही ना काही लिहीत असतो. त्यात लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब होण्याची शक्यता चांगलीच असते. म्हणून पाय घेतलाच तर एसएसडीवरूनच चालवा. त्याचा एक गुण मात्र मानायला हवा: वीज परत आली की तो आपला आपण सुरू होतो, कुणाला बटण दाबावं लागत नाही.

वीज जाण्याचा मुद्दा आपल्याकडे प्रोसेसरपेक्षा मोठा आहे. परदेशातल्या परीक्षणांत तो सापडायचा नाही. देखभालीसाठी सकाळी गेलेली लाइट दुपारी येते, पावसाळ्यात तर विचारूच नका. इथे जुना लॅपटॉप बाजी मारतो, कारण त्याच्या पोटातच बॅटरी आहे. राउटरला बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, की लाइट जाऊनही नेट आणि सर्व्हर दोन्ही चालू. बॅटरी म्हातारी असली तरी दहा मिनिटं पुरतात; तेवढ्यात लॅपटॉप व्यवस्थित बंद होईल अशी सोय लिनक्समध्ये (विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) करता येते. स्क्रीन आणि कीबोर्ड अंगचेच असतात. काही अडलं की झाकण उघडून बघायचं, मॉनिटर शोधत घरभर फिरायला नको. झाकण मिटल्यावर तो झोपी जाऊ नये म्हणून लिनक्सच्या लॉगिनडी नावाच्या भागाच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलावी लागते, बस.

पण तीच बॅटरी लॅपटॉपची कमजोरीही आहे. महिनोन्महिने शंभर टक्क्यांवर आणि उकाड्यात ठेवलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना, की तो लॅपटॉप त्याच दिवशी बंद करा आणि बॅटरी काढून घ्या. थिंकपॅडसारख्या अनेक यंत्रांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं. ज्यात ती सोय आहे तोच लॅपटॉप या कामाला घ्यावा. आणि कपाटात, गाद्यांच्या मागे वगैरे ठेवू नका. आणखी एक: लाइट बराच वेळ गेली आणि बॅटरीही संपली, तर बहुतेक लॅपटॉप वीज आल्यावर आपोआप उठत नाहीत. तुम्ही पुण्यात आणि लॅपटॉप गावी आई-बाबांकडे असेल, तर फोनवरून त्यांना बटण कुठे आहे ते समजावणं आलं.

मिनी पीसी म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसात मॉनिटरच्या मागे लटकवलेले जाड पुस्तकाएवढे डबे: लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. विंडोज १० चा आधार (अपडेट देणं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं ऑफिसांच्या काही कामाची उरली नाहीत. लिनक्स टाकणाऱ्याला विंडोजच्या अटीशी देणंघेणं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा; ऑनलाइनही मिळतात, पण हात लावून घेतलेला बरा.

पिढी निवडताना सातवी मागा. सहावी आणि सातवी वेगाला जवळपास सारख्याच, पण १० बिट एचईव्हीसी (सिनेमांच्या फायलींचा एक नवा प्रकार) व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून पूर्ण आहे. जेलीफिनला टीव्हीसाठी सिनेमा दुसऱ्या स्वरूपात बदलून द्यावा लागला, तर इंटेलच्या चिपमधलं क्विक सिंक ते काम सहज करतं. पाय ५ मध्ये व्हिडिओ असा बदलून देणारं (एन्कोड करणारं) हार्डवेअरच नाही, सगळा भार प्रोसेसरवर. इमिचलाही चेहरे ओळखायला ताकद लागते आणि ८ जीबी रॅम असलेली बरी. मिनी पीसीत रॅम नंतर वाढवता येते, पायची रॅम पाटीवरच पक्की.

पैसे मोजण्याआधी दुकानातच दोन गोष्टी करून बघा. बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाची मूळ सेटिंग) शिरा. ऑफिसने लावलेला पासवर्ड तसाच राहिला असेल तर यंत्र तिथेच ठेवून बाहेर पडा, मग भाव कितीही चांगला असो. आणि मूळ अॅडॉप्टर मागून घ्या; प्रत्येक कंपनीची पिन वेगळी असते.

विजेचा हिशेब लोक उगाच ताणतात. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट. काही काम नसताना पाय ३-४ वॅट खातो. मिनी पीसी आणि स्क्रीन बंद केलेला लॅपटॉप १० च्या आसपास. युनिटला १० रुपये धरले तर पायचे साधारण ३५० आणि बाकी दोघांचे पावणेनऊशे. वर्षाला पाचशेचा फरक, त्यापायी पाय घेण्यात अर्थ नाही. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप मात्र खाली काढू नका. तो रिकामा बसूनही ५० वॅट खाईल, म्हणजे वर्षाला चार हजारांच्या वर, आणि हे युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात जाऊन बसतात.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचण्याच्या बाबतीत तिघं सारखेच. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले ग्राहकांना सीजीनॅटच्या (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) मागे ठेवतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून भागत नाही. टेलस्केल (बाहेरून घरच्या यंत्राशी खासगी जोडणी करून देणारा प्रोग्राम) टाका आणि पुढे चला.

मग पाय घ्यावा कुणी? ज्याला त्याच्या ४० पिनांशी (सेन्सर वगैरे जोडायच्या) खेळायचं आहे त्याने. तिथेही नुसतं टाकीतलं पाणी मोजायचं, मोटर चालू-बंद करायची, एवढंच असेल तर काही शे रुपयांचा ईएसपी३२ हा छोटा बोर्ड ते करतो. हॉस्टेलच्या खोलीत, आवाज नको, जागा नाही, फक्त पाय-होल हवं, अशांसाठी पायचा छोटा भाऊ, पाय झीरो २ डब्ल्यू उत्तम; ५१२ एमबी रॅम त्या कामाला भरपूर झाली.

पाय-होल कशावरही टाका, राउटरमध्ये डीएनएस (वेबसाइटचा पत्ता ज्याला विचारायचा तो) म्हणून पाय-होलच द्या, दुसरा म्हणून गूगलचा ८.८.८.८ लिहू नका. उपकरणं दोन्हींपैकी मनाला येईल तो वापरतात आणि जाहिराती पुन्हा झिरपतात. अर्थात मग डबा बंद पडला की घरातल्यांच्या लेखी नेटच गेलेलं असतं. मिनी पीसी घेतलात तर बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा, आणि राउटरचा पासवर्ड घरात अजून एकाला तरी देऊन ठेवा.